स्पोर्ट्स कूपे नवी घ्यावी की वापरलेली? खान्देशात राहून निर्णय घेण्याचा क्रम

जळगाव, धुळे, नंदुरबारकडून लक्झरी कूपे घ्यायला निघालेले बहुतेक जण उलट्या क्रमाने जातात. आधी गाडी आवडते, मग रंग ठरतो, मग बयाणा जातो. सर्व्हिस कुठे करायची, विमा किती बसेल, गाडी आपल्या गेटमधून आत येते का, हे प्रश्न ती दारात आल्यावर पडतात. नवी की जुनी हा प्रश्नही मग "खिशात किती आहेत" एवढ्यावरच मिटवला जातो. पुण्या-मुंबईत जो सौदा शहाणपणाचा ठरतो, तोच आपल्याकडे महाग पडू शकतो, कारण तिथे अधिकृत वर्कशॉप अर्ध्या तासावर आहे आणि इथून ते बहुधा जिल्ह्याबाहेर आहे.

खालचे टप्पे याच क्रमाने करा. पहिले चार होईपर्यंत कोणत्याही विक्रेत्याला फोन करू नका.

## टप्पा १: गाडीत कोण बसणार ते आधी ठरवा

"कूपे" हे नाव आज तीन वेगळ्या प्रकारच्या गाड्यांना लावलं जातं. एक, खरी दोन दारांची, जशी बीएमडब्ल्यू एम२, पोर्शे ९११ किंवा फोर्ड मस्टँग. दुसरी, उतरत्या छताची पण चार दारांची, जशी बीएमडब्ल्यू २ सिरीज ग्रॅन कूपे. तिसरी, मागून उतरती केलेली एसयूव्ही. तिन्हींची तुलना एकाच यादीत केली की डोकं फिरतं आणि निर्णय भलताच होतो.

दोन दारांच्या गाडीचं दार लांब असतं. जळगावच्या गोलाणी मार्केटजवळ किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर दोन गाड्यांच्या मधे ते पूर्ण उघडत नाही, आणि मागच्या सीटवर जायला पुढची सीट सरकवून वाकावं लागतं. घरात ही एकच मोठी गाडी असेल आणि आई-वडिलांना तिच्यातून लग्नकार्याला न्यायचं असेल, तर चार दारी घ्या. दुसरी गाडी घरात असेल तरच दोन दारीचा विचार करा. या मुद्द्यावर मी तडजोड सुचवणार नाही. मागे कोणी बसू शकत नाही म्हणून घरच्यांनीच नाकारलेली कूपे वर्षभरात विकायला निघते, आणि पहिल्या वर्षी विकण्याइतका तोटा दुसऱ्या कशात नाही.

## टप्पा २: रस्ता, गेट आणि सावली मोजा

आपल्याकडे गाडी घेतली की कोणी तरी म्हणतंच, "भाऊ, गाडी भारी शे, पन फिरावशी कोठे?" हा प्रश्न गांभीर्याने घ्या.

खऱ्या कूपेचं ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून गाडीच्या पोटाची उंची, बहुधा १२० ते १४० मिमीच्या आसपास असतं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गोल गतिरोधक १० सेंमी उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो, म्हणजे चढ-उतार हळूहळू होतो. गावातला गतिरोधक तेवढाच उंच, पण रुंदी जेमतेम हातभर. पुढची चाकं उतरतात आणि गाडीचं पोट त्यावर टेकतं. त्यामुळे नुसती उंची बघून भागत नाही. दोन चाकांमधलं अंतर जितकं जास्त, तितकं पोट लवकर टेकतं.

मोजायचं असं:

- तुमच्या रोजच्या रस्त्यावरचे सगळ्यात वाईट दोन गतिरोधक निवडा. त्यांची उंची आणि रुंदी टेपने मोजून लिहून ठेवा.
- घराच्या गेटसमोरचा उतार आणि गटारीवरचा ढापा बघा. पुढचा बंपर तिथेच सर्वांत आधी घासतो.
- गाडी कुठे उभी राहणार ते ठरवा. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. पत्र्याच्या शेडमध्ये ऊन लागत नाही, पण धग राहते. छताचं कापड सुटणं, डॅशबोर्डवरचं चामडं आकसणं, रबरी सील कडक होणं ही तिथलीच देणगी.
- शेजारी कापूस, कडबा किंवा धान्याचं गोदाम असेल तर उंदीर आलेच. आठवड्यातून एकदा चालणाऱ्या गाडीच्या वायरिंगवर ते तुटून पडतात.

तपासणी: काही गाड्यांत बटणाने पुढचा भाग वर उचलायची सोय असते. गेटचा उतार तीव्र असेल तर ही सोय असलेलीच गाडी बघा. वापरलेल्या गाडीत ती चालते का, हे स्वतः बटण दाबून पाहा.

## टप्पा ३: वर्कशॉपचं अंतर कागदावर आणा

जळगावहून छत्रपती संभाजीनगर सुमारे १६० किमी, धुळ्याहून नाशिकही जवळपास तेवढंच. नंदुरबारकरांना सुरत सोयीचं, शिरपूरकरांना कधी इंदूर. ज्या कंपनीची गाडी घ्यायची आहे तिचं वर्कशॉप यांपैकी कुठे आहे ते कंपनीच्या संकेतस्थळावरून पक्कं करा. शोरूम आणि वर्कशॉप एक नव्हे. काही शहरांत नुसतं विक्रीचं दालन असतं.

मग त्या वर्कशॉपला फोन करून चार गोष्टी विचारा:

१. या मॉडेलचं काम तुमच्याकडे होतं का, की गाडी पुण्या-मुंबईला पाठवता?
२. सर्व्हिसला गाडी किती दिवस ठेवावी लागते?
३. रस्त्यात बंद पडली तर कंपनीची मदतसेवा आमच्या तालुक्यापर्यंत येते का, आणि किती किलोमीटर मोफत?
४. उचलायला सपाट ट्रॉलीचीच गाडी येते ना?

तिसऱ्याचं उत्तर लेखी घ्या, ईमेलवर चालेल. चौथा प्रश्न खास महत्त्वाचा. चारही चाकांना ताकद जाणारी किंवा खूप बुटकी गाडी पुढची चाकं उचलून ओढली तर गिअरबॉक्स आणि बंपर दोन्ही जाऊ शकतात.

सावध: "आमचा मेकॅनिक सगळं करतो" या भरवशावर वॉरंटी संपलेली गाडी घेऊ नका. तेलपाणी कोणीही करील. पण ड्युअल-क्लच (दोन क्लचच्या स्वयंचलित) गिअरबॉक्सचा बिघाड किंवा नव्या बॅटरीची गाडीच्या संगणकात नोंद करणं, यासाठी त्या कंपनीचं निदान-यंत्र आणि ते वापरता येणारा माणूस लागतो.

## टप्पा ४: पाच वर्षांचा हिशेब, दोन रकान्यांत

एका कागदावर दोन रकाने करा, नवी आणि वापरलेली. प्रत्येकात हे लिहा: हातात येईपर्यंतची एकूण किंमत, पाच वर्षांचा विमा, सर्व्हिस, टायरचा एक संच, ब्रेक, कर्जाचं व्याज, वर्कशॉपपर्यंतच्या फेऱ्या. त्यातून पाच वर्षांनी येणारी विक्री किंमत वजा करा. ती अंदाजाने लिहू नका. त्याच मॉडेलच्या पाच वर्षं जुन्या गाड्या आज काय भावाने मागितल्या जातात ते बघा, आणि त्यातून थोडं कमीच धरा, कारण मागितलेला भाव आणि मिळालेला भाव एक नसतो.

या कागदावर लोक तीन ठिकाणी चुकतात.

नोंदणी कर. महाराष्ट्रात २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला वैयक्तिक नावावर १३ टक्के कर आहे. कंपनीच्या नावावर घेतली किंवा गाडी पूर्ण आयात असली तर २० टक्के. १ जुलै २०२५ पासून याची कमाल मर्यादा ३० लाख झाली. ८० लाखांच्या इथेच जोडलेल्या गाडीला स्वतःच्या नावावर १० लाख ४० हजार आणि कंपनीच्या नावावर १६ लाख. म्हणजे ५ लाख ६० हजारांचा फरक. "फर्मच्या नावावर घेऊ, टॅक्समध्ये बसेल" असं म्हणण्याआधी घसाऱ्याचा फायदा या फरकापेक्षा जास्त आहे का, ते तुमच्या सीएकडून आकड्यांत करून घ्या. शिवाय अशा गाडीवर भरलेला जीएसटी सामान्य व्यापाऱ्याला इनपुट क्रेडिट म्हणून मिळत नाही, म्हणजे धंद्याच्या जीएसटीतून तो वजा करता येत नाही.

जुन्या बिलाशी तुलना. विक्रेता २०२२ चं बिल दाखवतो आणि म्हणतो, बघा किती पडली किंमत. ते बिल आता निरुपयोगी आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवरचा सेस (जीएसटीवरचा उपकर) गेला आणि सरळ ४० टक्के जीएसटी आला. आधी सेस धरून तो ५० टक्क्यांपर्यंत जायचा. वापरलेल्या गाडीचा भाव नेहमी आजच्या नव्या गाडीच्या भावाशी ताडा.

दुरुस्तीची राखीव रक्कम. वापरलेल्या गाडीच्या किमतीच्या निदान १० टक्के पहिल्या वर्षासाठी वेगळे ठेवा. हा माझा ठोकताळा आहे आणि वॉरंटी संपलेल्या गाडीला तो मी १५ टक्क्यांवर नेतो. ही रक्कम बाजूला ठेवता येत नसेल, तर ती गाडी तुमच्या बजेटमध्ये बसत नाही, भाव काहीही असो.

नव्या गाडीच्या किमतीवर १ टक्का टीसीएसही (विक्रेत्याने गिऱ्हाइकाकडून आगाऊ गोळा करायचा आयकर) लागतो. तो आयकर विवरणात वळता होतो, पण त्या दिवशी खिशातून जातोच.

## टप्पा ५: आता निवडा

एवढं झाल्यावर उत्तर बहुतेक वेळा समोरच असतं. माझं मत असं आहे.

नवी घ्या, जर गाडी सात-आठ वर्षं ठेवायची असेल, ती मुळातच ताकदवान आवृत्ती असेल, किंवा वर्कशॉप २०० किमीपेक्षा लांब असेल. ताकदवान गाडी आधीच्या मालकाने कशी पळवली हे पूर्णपणे कधीच कळत नाही.

वापरलेली घ्या, जर दोन ते चार वर्षांची, पहिल्या मालकाची, महाराष्ट्र पासिंगची, कंपनीच्या वॉरंटीचे निदान बारा महिने शिल्लक असलेली आणि अखंड सर्व्हिस नोंदीची मिळत असेल. यातली एकही अट सैल करू नका. कंपन्यांच्या स्वतःच्या वापरलेल्या गाड्यांच्या योजना आहेत, जसं बीएमडब्ल्यू प्रीमियम सिलेक्शन किंवा पोर्शे अप्रूव्ह्ड. तिथे भाव जास्त पडतो, पण वर्कशॉप लांब असलेल्या माणसाने तो जास्तीचा पैसा द्यावा असं मला वाटतं.

सहा वर्षांपुढची, वॉरंटी संपलेली कूपे खान्देशात बसून घेऊ नये. ज्यांना गाडीकामाची स्वतःला जाण आहे आणि दुसरी गाडी दारात आहे, त्यांचीच ती वाट. कंपनीनेच इथलं काम आवरलेल्या गाड्यांबद्दल तर आणखी सांभाळून. फोर्डने भारतातलं उत्पादन थांबवण्याचा निर्णय सप्टेंबर २०२१ मध्ये जाहीर केला. इथली मस्टँग घ्यायची तर सुटे भाग कुठून आणि किती दिवसांत येतील ते आधी विचारा, इंजिनचा आवाज नंतर ऐका.

## टप्पा ६: नवी घेत असाल तर

हे तुलनेने सोपं आहे. ट्रायल गाडी नाशिकहून तुमच्या दारापर्यंत आणायला सांगा आणि टप्पा २ मधल्या दोन गतिरोधकांवरून, गेटमधून ती प्रत्यक्ष न्या. शोरूमभोवतीच्या गुळगुळीत रस्त्यावरची ट्रायल काही सांगत नाही.

नोंदणीआधी चेसिस नंबर घेऊन उत्पादनाचा महिना बघा. वर्षभर यार्डात उभी राहिलेली गाडी असेल तर सवलत मागा आणि बॅटरी-टायर तपासून घ्या. विम्यात झिरो डेप्रिसिएशन (क्लेममधून सुट्या भागांची झीज न कापणारं कलम), इंजिन संरक्षण, टायर-रिम संरक्षण आणि चोरी किंवा पूर्ण नुकसानीत बिलाची रक्कम देणारं कलम घ्या. आपल्या रस्त्यांवर बुटक्या टायरचे रिम वाकतात, त्यामुळे टायर-रिम कलम वगळू नका. विमा शोरूमकडूनच घ्यायची सक्ती नाही. दोन कोटेशन बाहेरून आणा.

## टप्पा ७: वापरलेली असेल तर आधी कागद

गाडी बघायला निघण्यापूर्वी नंबर मागवा आणि एमपरिवहन ॲपवर टाका. मालक कितवा, कर्जाचा बोजा आहे का, विमा चालू आहे का, हे दिसतं. ई-चलान वेगळं तपासा. पुण्या-मुंबईत फिरलेल्या वेगवान गाडीवर ते साचलेले असतात.

मग मालकालाच कंपनीच्या वर्कशॉपमधून सर्व्हिसचा पूर्ण इतिहास मागवायला सांगा. प्रत्येक नोंदीची तारीख आणि किलोमीटर एका ओळीत लिहा. आकडा मध्येच कमी झाला किंवा दीड-दोन वर्षांचं भगदाड असलं, तर तिथेच थांबा. विम्याचे जुने क्लेमही मागा.

सावध, परराज्यातली गाडी: दिल्लीत जुन्या गाड्यांवरच्या निर्बंधांमुळे तिथल्या गाड्या स्वस्त दिसतात. पण बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवायची तर महाराष्ट्राचा नंबर घ्यावा लागतो, गाडीच्या वयाप्रमाणे इथला कर भरावा लागतो, आणि तिकडच्या आरटीओची ना हरकत म्हणजे फॉर्म २८ लागतो. तिकडे भरलेल्या कराचा परतावा हा स्वतंत्र खटाटोप. पुदुच्चेरी पासिंगच्या महागड्या गाड्यांत तर कर चुकवण्यासाठी खोटा पत्ता दिल्याची प्रकरणं गाजली आहेत. एमएच-१९, १८, ३९ किंवा निदान एमएच नंबरचीच गाडी बघा.

## टप्पा ८: गाडी तपासणं

या टप्प्याला पूर्ण दिवस द्या. मालकाला आदल्या दिवशी सांगा की सकाळी मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर थंड इंजिनाची खरखर तुमच्यापासून लपवली गेली असं समजा आणि दुसऱ्या दिवशी परत या.

टायर. बाजूवर डीओटी या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. २३२१ म्हणजे २०२१ चा २३ वा आठवडा. चारही टायरचे आकडे लिहा. पाच वर्षांपुढचा टायर नक्षी शिल्लक असली तरी बाद धरा. समृद्धी महामार्गावर १२० च्या वेगाने, मे महिन्यात, तापलेल्या काँक्रीटवर असा टायर फुटणं म्हणजे जिवाशी गाठ आहे. चार टायर वेगवेगळ्या कंपन्यांचे असतील तर मालकाने इतरत्रही काटकसर केली असणार. अनेक कूपेंत स्टेपनी नसते, पंक्चर होऊनही काही अंतर चालणारे टायर असतात. कोणी साधे बसवले असतील तर गाडीत हवा भरायचा पंप आणि दुरुस्तीचं साहित्य आहे का बघा.

ब्रेक. रिमच्या फटीतून डिस्कच्या कडेवरून नख फिरवा, अर्थात डिस्क थंड असताना. नख ठळक कंगोऱ्याला अडलं तर डिस्क झिजलेली आहे. किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते. कामगिरीच्या गाडीत डिस्क आणि पॅडचा खर्च मोठा, तो भावातून वजा करून मागा.

पाण्याची बाजू. आपल्या उन्हाळ्यात टर्बो इंजिन सर्वांत आधी इथे हार मानतं. कूलंटच्या प्लॅस्टिक टाकीच्या सांध्यावर आणि पाइपांच्या तोंडाशी टॉर्च मारा. पांढरी किंवा रंगीत खपली दिसली तर पाणी पाझरून सुकलेलं आहे. प्लॅस्टिकचे जोड उष्णतेने ठिसूळ होतात आणि एक दिवस महामार्गावर तुटतात. शक्य असेल तर दुपारी दोनला एसी पूर्ण चालू ठेवून अर्धा तास गर्दीत गाडी चालवा. तापमानाचा काटा आणि एसीचा गारवा दोन्ही टिकले पाहिजेत.

रंग. रंगाची जाडी मोजणारं यंत्र सोबत न्या. कंपनीचा रंग बहुधा ८० ते १५० मायक्रॉन भरतो. एखाद्या पॅनलवर २५० च्या वर आकडा आला तर तिथे डेंटिंग-पेंटिंग झालंय. दार किंवा बंपर रंगवलेला असणं चालतं. छत, खांब किंवा मागचा सांगाडा रंगवलेला असेल तर गाडी सोडा. साधं यंत्र ॲल्युमिनियमवर आकडा देत नाही, म्हणून दोन्ही धातूंवर चालणारं घ्या.

संगणक. गाडी अधिकृत वर्कशॉपमध्ये नेऊन पूर्ण स्कॅन करा. किलोमीटरचा आकडा अनेक गाड्यांत मीटरशिवाय इतर युनिटांतही साठतो. मीटर मागे फिरवणारा सगळीकडे फिरवतोच असं नाही. स्कॅनच्या आदल्या दिवशीच सगळे दोष पुसलेले दिसले, तर का पुसले ते विचारा. इग्निशन लावल्यावर एअरबॅगचा दिवा आधी पेटून मग विझला पाहिजे. मुळीच न पेटणं हा दोष लपवल्याचा संशय.

पेट्रोल. टाकीच्या झाकणाच्या आतलं स्टिकर वाचा. बहुतेक टर्बो इंजिनांना ९५ ऑक्टेन हवं असतं, आणि आज पंपावर ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, मिळतं. एप्रिल २०२३ च्या आधीच्या अनेक गाड्या ई-१० पर्यंतच्या पेट्रोलसाठी बनलेल्या आहेत. तुमच्या गाडीला काय चालतं ते कंपनीकडून लेखी घ्या, आणि ९५ ऑक्टेनचा पंप तुमच्या तालुक्यात आहे का तेही बघून ठेवा.

## टप्पा ९: बयाण्यापासून नावावर होईपर्यंत

बयाणा बँकेतूनच द्या. "वर्कशॉपच्या तपासणीत मोठा दोष निघाल्यास पूर्ण परत" हे वाक्य पावतीवर लिहून घ्या. जो लिहून देत नाही त्याच्याकडून घेऊ नका.

डीलर जीएसटी वेगळा लावत असेल तर लक्षात ठेवा: वापरलेल्या गाडीवर तो १८ टक्के असला तरी साधारणपणे डीलरच्या नफ्याच्या फरकावर लागतो, पूर्ण किमतीवर नाही.

हस्तांतरणाला फॉर्म २९ आणि ३० लागतात. कर्जाचा बोजा असेल तर तो उतरवायचा फॉर्म ३५ आणि बँकेचा दाखला आधी हातात घ्या, उरलेली रक्कम मग द्या. कर्ज तुमच्या पैशातून फिटणार असेल तर रक्कम मालकाला न देता थेट त्याच्या कर्जखात्यात भरा. एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसली आहे का, हेही बघा. विमा १४ दिवसांच्या आत स्वतःच्या नावावर करायला अर्ज द्या. आधीच्या मालकाचा नो-क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) गाडीबरोबर येत नाही, तो त्याचाच राहतो, म्हणून हप्त्याचा आकडा आधीच विचारून ठेवा.

तपासणी: दोन्ही किल्ल्या, सर्व्हिस पुस्तिका, चाकाच्या कुलपाची विशेष चावी. ही शेवटची वस्तू राहून जाते, आणि ती नसली तर पंक्चरवाला चाक उतरवू शकत नाही.

## टप्पा १०: पहिला महिना

इंजिन तेल, एअर फिल्टर आणि ब्रेक ऑइल नोंदीत काहीही असलं तरी बदलून घ्या. काळ्या मातीच्या धुळीत फिल्टर कंपनीच्या मुदतीआधीच भरतो, म्हणून तो दर सर्व्हिसला उघडून बघायला सांगा. हवा सकाळी टायर थंड असतानाच मोजा. दुपारी तापलेल्या टायरचा आकडा वाढलेला दिसतो आणि पंपावरचा माणूस हवा काढून टाकतो.

गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर घरी बॅटरी मेंटेनर (उभ्या गाडीची बॅटरी भरलेली ठेवणारा चार्जर) लावा. दर आठ-दहा दिवसांनी निदान अर्धा तास चालवा, नुसती जागेवर सुरू करून बंद करू नका. संभाजीनगरला पहिल्या सर्व्हिसला निघताना पहूर, फर्दापूर, सिल्लोड या रस्त्याची स्थिती आदल्या दिवशी कोणा ट्रकवाल्याला किंवा एसटी चालकाला विचारा, आणि अजिंठ्याचा घाट उजेडातच चढून पार करा.